नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव दिवसांचं थडगं

बायकोला पुसून टाकायला मला अकरा सेकंद लागले होते. बढाई म्हणून सांगत नाही; तेव्हाची यंत्रंच मंद होती.

पुसलं तेव्हा आमच्याच लग्नाची दुसरी पंगत बसली होती. बाहेर मठ्ठ्याचा आग्रह चालला होता आणि मी, नवरदेव, फेटा मांडीवर घेऊन कार्यालयामागच्या खोलीत संगणकापुढे बसलो होतो. आमच्या घाटमाथ्यावर एक रीत अजून जिवंत होती. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं. आडनाव तर बदलायचंच, पाळण्यातलं नावही बदलायचं. शहरातले पाहुणे हसायचे, फोटो मात्र काढायचे. आईने नाव सुचवलं, मी लिहिलं: शर्वरी. तोवर ती केतकी होती. केतकी विद्याधर लवाटे. तांदूळ गोळा झाले, मी उठून आत गेलो, केतकीची नोंद पुसली आणि नवी केली. शर्वरी कौस्तुभ आठल्ये. कौस्तुभ म्हणजे मी.

नोंद म्हणजे काय ते सांगतो. आमच्या पाच गावांनी मिळून एक जाळं घातलं होतं, पाचगाव जाळं. प्रत्येक माणसाची त्यात एक नोंद. घराचं दार, पाण्याचा नळ, गावची बस, दवाखाना, मतदानाची पेटी, सगळे तुमच्या डोळ्यांत बघायचे आणि या नोंदींच्या वहीला, म्हणजे डिरेक्टरीला, विचारायचे, हा कोण, याला घ्यायचं का? ही डिरेक्टरी पाच यंत्रांत होती, गावागणिक एक. लोक त्यांना कारभारी म्हणायचे. गंमत अशी की पाचांत थोरला कोणी नाही. कुंभेरीच्या कारभाऱ्याच्या कानात काही सांगितलं की पाव तासात ते उरलेल्या चौघांना कळायचं. एक आजारी पडला तरी चौघं गाडा ओढायचे. फक्त एक गोष्ट एका वेळी एकाच माणसाकडे असायची: मुख्य किल्ली. ती ज्याच्या नोंदीला जोडलेली, त्यालाच कारभाऱ्यांचे मूळ नियम बदलता येत. लग्नाच्या दिवसापासून सत्तावीस वर्षं ती माझ्याकडे होती. गावात सरपंचाएवढा मान, आणि सरपंचापेक्षा जास्त धाक.

मी माझ्या बायकोचं केलं, तोच पुढे नियम झाला. जिचं नाव बदललं तिची जुनी नोंद पुसायची, नवी करायची. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, रीत आहे आपली. मुलगी दिली की तिकडचं पान मिटतं. लोकांना पटायचं. सत्तावीस वर्षांत अशा चारशे बारा जणी झाल्या.

मग तो मार्चमधला मंगळवार उजाडला.

आमचे सेक्रेटरी मोघे यांना टापटिपीचं वेड. सकाळी सव्वानऊला त्यांना स्क्रीनवर वॉर्ड तीनची यादी दोनदा दिसली. त्यांनी त्यातली एक पुसली. यादी एकच होती. चष्म्याचा नंबर वाढला होता.

"आठल्ये, जरा इकडे या," मोघे म्हणाले. "वॉर्ड तीनमध्ये माणसं किती आपली?"

"अकराशे चाळीस."

"आता शून्य दाखवतंय."

त्या क्षणी वॉर्ड तीनमधले जगन्नाथ गुरव डोक्याला साबण लावून नळाखाली बसले होते. नळाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, असा कोणी माणूस नाही म्हणून ठरवलं, आणि पाणी थांबवलं.

मी घाबरलो नाही. कालचा बॅकअप काढला, कुंभेरीच्या कारभाऱ्यावर चढवला. अकराशे चाळीस माणसं परत. गुरवांचा नळ सुरू झाला. मोघ्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत अकराशे चाळीस पुन्हा गायब, आणि गुरवांना आता दुसऱ्यांदा साबण लागलेला.

यात यंत्राचा दोष नाही. कारभाऱ्याला एखादा माणूस पुसायला सांगितला तर तो खरोखर पुसत नाही. पुसला तर बाकीच्यांना सांगणार काय? ते उलट म्हणतील, तुझ्याकडे हा माणूस दिसत नाही, घे आमच्याकडून. म्हणून पुसलेल्या नोंदीच्या जागी एक खूण राहते: हा होता, आता नाही. आमच्या धंद्यात तिला थडगं म्हणतात. थडग्याची बातमी पाचांत फिरते, सगळ्यांची खात्री पटते, आणि ठरलेले दिवस भरले की थडगंही नाहीसं होतं. तोवर आतला माणूस अखंड असतो, नात्यागोत्यासकट.

आता मी जो बॅकअप चढवला तो कालचा. चौघं कुंभेरीला म्हणाले, बाबा, तुझी बातमी शिळी. ही सगळी मंडळी आज सकाळीच गेली. कुंभेरीने मान डोलावली आणि मुकाट्याने सगळ्यांना पुन्हा पुसलं. यंत्राला खरं-खोटं कळत नाही, ताजं-शिळं कळतं. प्रत्येक नोंदीला एक आकडा असतो, बदल झाला की तो एकाने वाढतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं खरं. म्हणून अशा वेळी उपाय एकच. परत आणलेल्या नोंदीचा आकडा एकदम एक लाखाने वाढवायचा. मग तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मला वॉर्ड तीनच निवडायचा होता. पण मोघे माझ्या मानेवर श्वास सोडत उभे होते, गुरवांची सून तिसऱ्यांदा फोन करत होती, आणि मी घाईत पाचही गावांच्या नोंदींचं जे झाड दिसतं त्याच्या मुळावरच टिचकी मारली. यंत्राने विचारलं, थडगीही उठवू? मी हो म्हणालो. मला वाटलं, वॉर्ड तीनचीच असतील.

साडेदहाला सगळं जागेवर आलं. गुरवांनी स्वतः फोन करून आभार मानले, आवाजात फेस होता. मोघे म्हणाले, "आठल्ये, तुम्ही आहात म्हणून जाळं आहे." मी नम्रपणे छताकडे पाहिलं.

पावणेअकराला मोघ्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "कुमारी शैला दांडेकर. कोण शैला दांडेकर?"

फोनमधल्या बाई म्हणाल्या, "मी. तुमची बायको."

"मग हे नाव काय?"

"तेच विचारायला केलाय. भाजी घेऊन आले तर दार म्हणतंय, या घरात तुमचं नाव नाही. बसमध्ये कुमारी म्हणालं, मला वाटलं चेष्टा करतंय. तुम्ही काय केलंत तिकडे?"

मोघ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठवलेल्या नोंदींची यादी उघडली.

मला तेव्हा कळलं की मी काय उठवलं होतं. मेलेल्यांना आम्ही कधी पुसत नसू; त्यांचं वेगळं दप्तर होतं. गाव सोडून गेलेल्यांना परगावी असा शेरा मारून ठेवत असू. तुरुंगात गेलेल्या दोघांनाही ठेवलं होतं. सत्तावीस वर्षांत आम्ही पुसलं होतं ते फक्त लग्न झालेल्या बायकांना.

चारशे बारा जणी एकदम उठल्या होत्या. आता प्रत्येकीच्या नोंदी दोन, डोळे एकच. दोन नोंदींना एकच डोळे सापडले की कारभारी मोठा आकडा मानतो आणि दुसरी नोंद बाजूला काढतो. जुनी परत आणलेली, म्हणून तिचा आकडा लाखाने वाढलेला; नवी कुठे गेलीच नव्हती. बाजूला पडली ती सासरची. आणि रोज दुपारी चारला पाचही कारभारी जुळवणी करतात. बाजूला पडलेल्या नोंदी त्या वेळी कायमच्या जातात. त्यांना थडगंही मिळत नाही. म्हणजे चार वाजता चारशे बारा संसार कागदावरून जाणार होते, त्यात माझाही.

"पुसून टाका ना त्या जुन्या परत," मोघे म्हणाले. "तुमच्याकडे किल्ली आहे."

साधी नोंद कार्यालयातलं कोणीही पुसू शकतं, पण लाखाने वाढवलेली पुसायला मुख्य किल्लीच लागते. मी हुकूम दिला. स्क्रीनवर अक्षरं उमटली: आपणास हा अधिकार नाही. मुख्य किल्ली: केतकी विद्याधर लवाटे.

मी ती ओळ बोट ठेवून वाचली. मोघ्यांनी चष्मा पुसून वाचली.

"ही कोण बाई? आपल्या पगारपत्रकावर नाही."

"माझी बायको," मी म्हणालो.

"वहिनींचं नाव शर्वरी ना?"

"तीच."

"वहिनी तर घरी मिक्सर-पंखे दुरुस्त करतात. त्यांच्याकडे मुख्य किल्ली कशी?"

"आधीपासून होती," मी म्हणालो. हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोललो. खुर्चीत बसलो होतो म्हणून बरं.

खरं असं की पाचगाव जाळं केतकीने बांधलं. पाचांतल्या हिरडशी गावचा पहिला कारभारी तिने एकटीने उभा केला, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मी तिच्या हाताखाली, केबल ओढायला आणि पाट्या लावायला. आमचं जुळलं तेही त्या हिरडशीच्या खोलीतच, ती शिडीवर आणि मी शिडी धरून. लग्नाच्या दिवशी तिची नोंद पुसली गेली तेव्हा किल्ली आपोआप यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेली. पुढचा माणूस मी. आज ती नोंद उठली आणि किल्ली तिच्यासोबत परत गेली. नव्या शर्वरीच्या व्यवसायाच्या रकान्यात मी गृहकृत्य असं घातलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ती कामावर निघाली, आणि हिरडशीच्या दाराने तिला घेतलं नाही. ती परत आली, पोळ्या केल्या. मी म्हणालो, होईल हळूहळू काहीतरी. ती हं म्हणाली. एवढंच बोलणं झालं होतं आमचं या विषयावर.

घरी फोन लावला, उचलला नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "त्या अकरालाच गेल्या. फोनवर काहीतरी वाचलं आणि चपला घालून चालायला लागल्या."

"कुठे?"

"हिरडशीच्या बसमध्ये चढल्या. कणीक तशीच आहे परातीत."

मी पुढची बस पकडली. वाटेत मुलीचा फोन आला. ईशा आमची, नागपूरला असते, फोनवर कधी घाईत नसते.

"बाबा, मी बँकेत आहे. माझ्या कागदावर आईच्या रकान्यात रेघ आली आहे."

"दुरुस्त होईल."

"रेघ कशी येईल पण? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"खरं सांगताय? रेघ कोणाची येते बाबा?"

"ज्यांची आई सापडत नाही त्यांची," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला खरं कुठे थांबवायचं हे कळत नाही. घाटाच्या वळणावर फोन तुटला.

हिरडशीचं दार मला उघडेना. काल उघडत होतं. शेवटी आतूनच उघडलं गेलं. केतकी तिच्या जुन्या खुर्चीत बसली होती. खुर्ची मी कधी बदलली नव्हती, म्हणजे ती बसायची तिथे मी कधी बसलोच नव्हतो, का कोणास ठाऊक. नाकावर चष्मा, बोटांना वाळलेली कणीक. एका कानाला फोन, आणि समोर चारशे बारा नावं.

"नाही हो शैलाताई, घाबरायचं काही नाही," ती फोनवर म्हणत होती. "मी सगळ्यांना एकच विचारतेय. जुनी ठेवू, नवी ठेवू, की दोन्ही जोडून एक करू? नाव तुम्ही सांगाल ते. नाही, मोघ्यांना नाही विचारायचं. तुम्ही सांगा." थोडं थांबून ती हसली. "विचार करा. तीनपर्यंत कळवा."

तिने फोन ठेवला. "मोघीणबाई जोडून मागतायत. पण नाव शैलाच हवं म्हणाल्या. लग्नात मिळालेलं नाव त्यांना कधीच आवडलं नव्हतं. मोघ्यांना अजून माहीत नाही."

"ईशाचा फोन आला होता," मी म्हणालो. "तिच्या आईच्या रकान्यात रेघ आली आहे."

"ते पहिलं केलं. आल्या आल्या. तिथे आता केतकी आहे. बोलले मी तिच्याशी." मग तिने खुर्ची वळवली. "बस. त्या स्टुलावर बस, तुझंच आहे ते."

मी बसलो. तिने एका नोंदीवर बोट ठेवलं, दोन शब्द टाइप केले, आणि दोन नोंदींची एक झाली. जुनं माणूस, नवं नाव, माहेर, सासर, मुलं, दवाखान्याची जुनी कागदं, सगळं एकाच ठिकाणी. मोजायला घड्याळ लागणार नाही इतका वेळ.

"हुकुमाची एक ओळ आहे," ती म्हणाली. "नाव बदला, घर बदला, माणूस तेच राहू दे. पहिल्या दिवसापासून होती, मीच लिहिली होती. तुला माहीत नव्हती का रे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. रीत होती, घाई होती, आई म्हणाली, पंगत बसली होती. ही सगळी उत्तरं इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झाली होती, माझाच त्यांच्यावर विश्वास बसायचा.

"माहीत होती," मी म्हणालो.

"मग?"

"नुसतं नाव बदललं असतं तर किल्ली तुझ्याकडेच राहिली असती. जन्मभर तुझी शिडी धरून उभा राहिलो असतो. लोक म्हणाले असते, लवाट्यांच्या मुलीचा मदतनीस."

"आणि त्या बाकीच्या चारशे अकरा?"

"तुझं एकटीचं केलं असतं तर दिसून आलं असतं."

तिच्या चेहऱ्यावर धक्का बसल्याची खूण मी शोधत होतो. धक्का बसायची पाळी माझी होती, हे मला अजून कळायचं होतं.

"थडगं किती दिवस राहतं?" तिने विचारलं, शाळेतल्या बाई विचारतात तसं.

"आपल्याकडे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव."

"सगळ्या जगात एकशे ऐंशी असतात. आपल्याकडे एवढे का, कधी विचार केलास?"

"मला वाटलं, आधीपासून तसंच आहे."

"मी घातले. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागलेल्या हातांनी. त्या रकान्यात चारच आकडे मावतात, नाहीतर अजून घातले असते."

"का?"

"तुझा स्वभाव माहीत होता."

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"माहीत होता तरी लग्न केलंस?"

"आवडत होतास. दोन्ही खरं होतं." तिने नख लावून बोटावरची कणीक काढली. "आधी वाटलं, वर्षभरात आपणहून सांगेल. मग वाटलं, ईशा झाल्यावर सांगेल. मग मी फक्त दिवस बघायला लागले. बत्तीस उरले होते. पुढच्या सोमवारी मीच उठवणार होते स्वतःला, तुझ्या पासवर्डने. अजून आईचंच नाव आहे ना तुझा पासवर्ड?"

मी मान डोलावली.

"मोघ्यांनी घाई केली. बरंच झालं, चोरी वाचली."

दुपारभर फोन आणि निरोप येत राहिले. मी स्टुलावर बसून नावं वाचून दाखवत होतो आणि ती करत होती. तीनशे चाळीस जणींनी जोडून मागितलं, त्यातल्या निम्म्यांनी पाळण्यातलं नाव परत घेतलं. साठेक म्हणाल्या, आहे तेच राहू दे, आता कुठे सवय झालीय. अकराजणी म्हणाल्या, जुनीच ठेवा, नवीचं काही नको. त्यातल्या एकीच्या घरी मी दरवर्षी गणपतीला जेवायला जात असे, पंगतीत तिचा नवरा माझ्या शेजारी बसायचा. मी तिचं नाव दोनदा वाचलं. केतकीने दोनदा विचारलं नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना एकच नाव उरलं.

"तुझं," मी म्हणालो. "जोडून करतेस ना?"

ती स्क्रीनकडे बघत बसली. मी खोटं सांगत नाही, त्या पाच मिनिटांत माझे उरलेले केस पांढरे झाले असते, पण आधीच झाले होते. शर्वरीची नोंद बाजूला पडलेली दिसत होती. तिच्यात सत्तावीस वर्षं होती. माझं नावही तिच्यातच अडकलेलं होतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि चार वाजू दिले. कारभाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं, आणि शर्वरी गेली. थडगं न ठेवता.

माझ्या फोनवर ओळ आली: वैवाहिक स्थिती, अविवाहित.

"तिला मी कधी ओळखतच नव्हते," केतकी म्हणाली. "तूही नव्हतास. तिला काय जोडायचं?"

"मग मी कुठे जाऊ?"

"तुझं घर आहे की कुंभेरीला, तुझ्या नावावर. मी इथेच राहीन. किल्लीवाल्याला वर दोन खोल्या आहेत, तू कधी वापरल्या नाहीस." ती उठली, जिन्याकडे गेली, तिथून वळली. "चहा घेणार असशील तर ये. पण तुझी नोंद या दाराला नाही. पाहुणा म्हणून घालावी लागेल. पाहुण्याची मुदत चोवीस तासांची असते."

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा विचारावं लागतं. दोघांनाही."

त्याला तेवीस वर्षं झाली. मी आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, ती पंच्याहत्तरची. ईशा म्हणते, दोघं सहीच करून टाका ना एकदा. मी दर पाडव्याला विवाहाचा अर्ज करतो. यंत्र तो प्रलंबित दाखवतं. नाकारला असं कधी दाखवत नाही. पाहुण्याची मुदत सकाळी सातला संपते; रोज त्याच्या आत मी दाराशी उभा राहून म्हणतो, आजचा दिवस राहू का, आणि ती आतून, कधी लगेच, कधी वर्तमानपत्राचं पान उलटून झाल्यावर, बटण दाबते. आज तिला सर्दी आहे, उठायला उशीर झाला. सातला दोन मिनिटं कमी होती आणि आतून काही आवाज नव्हता. मी हाक मारली नाही, तो अधिकार पाहुण्याला नसतो. मग पावलं ऐकू आली, सावकाश, एक चप्पल घासत येणारी. दारावरचा दिवा हिरवा झाला.